येते मी

१

कुशला मराठी आईने शिकवली, त्यामुळे तो बाईमाणसासारखं बोलायचा. ‘मी करते’, ‘मी बघते’, ‘मी विसरले’. त्याला नीट बोलता यायच्या आधीच वडील घरातून निघून गेले होते, आणि साउथहॅम्प्टनच्या त्या रस्त्यावर मराठी बोलणारं दुसरं घर नव्हतं. आई जे बोलायची ते जसंच्या तसं त्याच्या जिभेवर बसलं. पुढे मिसरूड फुटली, आवाज फुटला, तरी ‘येते’चं ‘येतो’ काही झालं नाही.

“अरे, दाढी आली तुला,” दीनानाथमामा म्हणायचे. “येतो म्हण, येतो.”

“हां मामा. आता तसंच म्हणते.”

मामा कपाळाला हात लावायचे.

दीनानाथमामा म्हणजे आईचे थोरले भाऊ. त्यांची सगळी नोकरी बंदरावर, बोटींतून येणारी फळं गार ठेवण्यात गेली. निवृत्त झाल्यावर त्यांनी बंदरामागचं एक जुनं, ओस पडलेलं शीतगृह भाड्याने घेतलं आणि आत लोखंडी मांडण्यांवर बिटकॉइन काढणारी यंत्रं रचली. बुटांच्या खोक्याएवढं एकेक यंत्र. रात्रंदिवस आकडेमोड करायचं, तापायचं, आणि आपल्या पंख्यांनी इतका आवाज करायचं की कानांवर जाड डिफेंडर चढवल्याशिवाय आत पाऊल टाकता येत नसे.

तिथे लक्ष ठेवायचं काम कुशकडे होतं. सोळाव्या वर्षी त्याने शाळा सोडली. मग वेअरहाउस सोडलं, कॅफे सोडला, टायरचं दुकान सोडलं. भांडण कुठेच झालं नाही. समोरचा माणूस उत्तराची वाट बघत उभा राहिला की कुशच्या घशात काहीतरी अडकायचं, आणि दुसऱ्या दिवशी तो जायचाच नाही. टायरच्या दुकानानंतर आई रागावली नाही. नुसती त्याच्या पलंगाच्या कडेला बसून म्हणाली, “कुश, दादाचं काम तरी सोडू नकोस. परत एकदा असं झालं तर मलाच कळणार नाही तुझं काय करायचं.” त्याने नाही सोडणार म्हणून सांगितलं. हे काम त्याला आवडलंही. यंत्रं उत्तराची वाट बघत नाहीत.

“लोकांना वाटतं,” मामांनी पहिल्याच दिवशी समजावलं होतं, “यंत्र तापतं, म्हणजे जितकी थंडी तितकं बरं. साफ चूक. आत शिरणारी हवा पाचच्या खाली जाऊ द्यायची नाही आणि पंचविसाच्या वर चढू द्यायची नाही. चालू यंत्राला थंडीचं फारसं भय नसतं, ते स्वतःच्या उबेवर जगतं. भय बंद पडलेल्याला. ते गारठलं, की उबदार दमट हवा लागल्याबरोबर त्याच्यावर दव धरतं. दवावर वीज सोडलीस की मेलं. म्हणून गारठलेलं यंत्र लगेच चालू करायचं नाही. शेजाऱ्यांच्या उबेत तसंच राहू द्यायचं. हळूहळू येतं ते परत.”

कामाची रीत सोपी होती. मांडण्यांच्या पुढून गार हवा आत यायची, मागून गरम हवा बाहेर जायची. छतात एक झडप होती. ती उघडली की थोडी गरम हवा वळून पुढे यायची आणि गार हवेत मिसळायची. कुशने यादीत प्रत्येक यंत्राचं तापमान बघायचं आणि त्याप्रमाणे झडप कमी-जास्त करायची. यादी त्याच्या फोनवरही दिसायची. बाहेरच्या छोट्या खोलीत खिळ्याला एक नारिंगी जाकीट टांगलेलं असे, मामांचंच, जुनं, बर्फाच्या कोठीत घालायचं. ते चढवायचं आणि आत जायचं.

निघताना तो दारातून मागे वळून म्हणायचा, “येते मी.”

यंत्रांना. त्याला स्वतःलाही त्याचं हसू यायचं. पण ते अंगात मुरलेलं होतं. घरात ‘जाते’ हा शब्द चालत नसे. लहानपणी एकदा शाळेला निघताना तो “जाते” म्हणाला, तेव्हा आईने त्याला दारातून ओढून परत आत घेतलं होतं. “तसं नाही म्हणायचं. निघणाऱ्याने ‘येते’ म्हणायचं. राहणाऱ्याने ‘ये’ म्हणायचं. ‘जातो’ म्हणून निघालेलं माणूस परत येत नाही.” वडील तसं म्हणून निघाले होते, हे तिने खूप वर्षांनी सांगितलं.

२

जानेवारीत पूर्वेचं वारं सुटलं. बंदरातल्या डबक्यांवर बर्फाचे पापुद्रे धरले, बसथांब्याची काच दुपारपर्यंत पांढरी राहू लागली. कुशने झडप उघडून हवा सात-आठवर आणली आणि यादी वरपासून खालपर्यंत तपासली.

सगळं ठीक होतं. फक्त शेवटच्या ओळीत आकडा होता.

त्या ओळीत आकडा असायला नको होता. ती ओळ कोपऱ्यातल्या खालच्या फळीची. तिथलं यंत्र शरद ऋतूतच जळालं होतं आणि मामांनी ते काढून नेलं होतं. तेव्हापासून त्या ओळीत नुसती एक आडवी रेघ असायची. आता तिथे लिहिलेलं होतं, आत शिरणारी हवा छत्तीस पूर्णांक आठ. पंखे बंद. काम शून्य.

तो आत जाऊन बघून आला. फळी रिकामी होती. वायरचं तोंड मोकळं लोंबत होतं, त्यावर मामांनी गुंडाळलेली काळी पट्टी होती. त्याने हातमोजा काढून फळीवर तळवा टेकवला. लोखंड थंडगार होतं.

त्याने मामांना फोन लावला.

“सेन्सर गेला असेल,” मामा म्हणाले.

“मामा, इथे सेन्सरच नाही. मशीनच नाही.”

“मग दुसऱ्याचं रीडिंग त्या पत्त्यावर येत असेल. यादी बंद करून चालू कर.”

त्याने तसं केलं. यादी परत आली. छत्तीस पूर्णांक सात.

दुसऱ्या कुठल्याच यंत्राची हवा अकराच्या वर नव्हती, मग हा आकडा कोणाचा म्हणायचा? पण कुशने शाळा अर्धवट टाकली होती. आपल्याला न समजणारं काहीतरी असेल, असं मानायची त्याला सवय होती. त्याने ते सोडून दिलं. निघताना एवढं मात्र लक्षात आलं, की त्या कोपऱ्यातला मांडणीचा पत्रा थरथरतोय. हात ठेवल्यावर बारीक, सलग थरथर लागत होती. स्क्रू ढिला झाला असेल म्हणून त्याने पाना आणून आवळला. स्क्रू घट्टच होता.

“येते मी,” तो दारातून म्हणाला.

३

“कोणाचा चार्ट रे हा?”

चारेक दिवसांनंतरची संध्याकाळ. आई हॉस्पिटलमधून येऊन, युनिफॉर्मवर कार्डिगन चढवून चहा पीत होती. ती तिथे नर्स होती. कुशचा फोन टेबलावर उताणा पडला होता आणि त्यावर शेवटच्या ओळीचा आलेख उघडा होता.

“चार्ट नाही, आई. मामाच्या मशीनचं आहे.”

“चल, काहीतरीच.” तिने चष्मा खाली घेतला. “हे बघ ना. पहाटे जरा खाली, संध्याकाळी जरा वर. पुन्हा पहाटे खाली. हे माणसाचं असतं. मशीन कशाला पहाटे खाली जाईल?”

“पहाटे थंडी असते म्हणून.”

“असेल बाबा.” तिचं बोट पुढे सरकलं. “पण इथून बघ, उतरायलाच लागलंय. पस्तीस. चौतीस. असे पेशंट येतात आमच्याकडे या दिवसांत. कोणीतरी बस शेल्टरमध्ये सापडतं, कोणी आपल्याच घरात, हीटिंग बंद ठेवून बसलेलं.”

“मग त्यांना काय होतं?”

“आधी थरथर. पलंगाचा कठडा वाजतो इतकी. ती चांगली, शरीर भांडतंय म्हणायचं.” तिने कप खाली ठेवला. “अंग गारच आहे आणि थरथर थांबली, की मी घाबरते.”

आईने त्याच्याकडे बघितलं.

“दादाला सांग, सर्व्हिसिंग कर म्हणावं. आणि तुझं बरं चाललंय ना तिकडे?”

“हो.”

“नक्की?”

“हो गं. सोडत नाही मी.”

ती हसली आणि त्याच्या केसांतून हात फिरवून कुकर लावायला उठली.

४

सकाळी तो आत गेला तेव्हा पत्रा थरथरत नव्हता.

त्याने दोन्ही हात ठेवून बघितले. बाकीच्या मांडण्या पंख्यांच्या जोराने गुणगुणत होत्या. कोपरा मात्र निपचित होता. फोनवर शेवटची ओळ एकतीसवर आली होती.

कुश लाजाळू होता, भित्रा नव्हता. भित्रा असता तर तिथूनच निघाला असता आणि बरं झालं असतं. त्याच्या मनात आलं ते वेगळंच, की कोणीतरी गारठतंय आणि इथे आपल्याशिवाय दुसरं कोणी नाही. हा विचार खुळा आहे हे त्याला कळत होतं. रिकामी फळी गारठत नाही. पण झडप उघडायला काय जातं, असंही वाटलं. चूक असेल तर हवा जरा गरम होईल, एवढंच.

त्याने झडप पूर्ण उघडली. मग हवा कोपऱ्याकडे वळवण्यासाठी पुठ्ठ्याचं एक मोठं खोकं फाडून वाऱ्याला आडोसा केला. मागची गरम हवा छतावरून फिरून हळूहळू त्या कोपऱ्यात उतरू लागली. दुपारपर्यंत पत्रा पुन्हा थरथरायला लागला. कुश त्यावर हात ठेवून उभा राहिला आणि त्याला इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. संध्याकाळपर्यंत थरथर शांत झाली, पण सकाळसारखी नाही. आकडा छत्तीसच्या पुढे गेला होता.

चार वाजले होते आणि बाहेर अंधार पडत होता. तो दारात आला, डिफेंडर मानेवर उतरवले. “येते मी.”

“ये.”

दार लावताना रबराची पट्टी पत्र्यावर घासते, तिचा आवाज. पंख्यांच्या घरघरीत हवे ते शब्द ऐकू येतात. वेअरहाउसमध्येही त्याला कन्व्हेयरच्या आवाजात कोणीतरी नाव घेतंय असं वाटायचं. हे सगळं त्याने बसथांब्यापर्यंत स्वतःला समजावलं. पटलंही.

फक्त तो आवाज पट्टीसारखा लांबट नव्हता. आई स्वयंपाकघरातून, मागे न बघता म्हणते, तसा होता.

५

पुढचे काही दिवस तो रोज निघताना म्हणाला आणि रोज आतून उत्तर आलं. त्याने आईला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, नको वाटतंय ना तुला तिथे? आणि तिच्या चेहऱ्यावर टायरच्या दुकानाच्या वेळचं ते आलं असतं.

मग मामा आले. हातात काठी, डोक्यावर कानटोपी.

“कोणासाठी भट्टी लावली आहेस रे? वरच्या ओळीतली यंत्रं तीसच्या पुढे गेलीत. मी घरून बघतोय.”

“मामा, तो कोपरा गार पडत होता.”

“कोपऱ्यात आहे काय? रिकामी फळी. तिला काय सर्दी होणार?” मामांनी पुठ्ठ्याचा आडोसा बघण्यासाठी डिफेंडर चढवले. “थांब इथेच. मी बघतो.”

कुश बाहेरच्या खोलीत थांबला. दाराच्या छोट्या काचेतून त्याला मामांची पाठ दिसत होती. ते कोपऱ्यापर्यंत गेले, वाकले, पुठ्ठा उचलून बाजूला केला. मग एकदम ताठ झाले. वळले. मागे कोणीच नव्हतं. तरी ते बराच वेळ तसेच, वळलेल्या मानेने उभे राहिले.

बाहेर आल्यावर त्यांनी डिफेंडर काढले आणि खुर्चीवर बसले.

“तू आत आला होतास?”

“नाही. मी इथेच होते.”

“माझ्या मागे येऊन काही बोललास.”

“नाही मामा. इथेच होते मी.”

मामांनी टोपी काढली, परत घातली. “‘आले मी’ म्हणालास. अगदी कानाशी. मला वाटलं, पोरगं अजून काही नीट बोलायला शिकलं नाही.” ते हसायला गेले, पण ते त्यांना जमलं नाही. कानांवर डिफेंडर होते आणि आत पंखे चालू होते, हे दोघांच्याही एकदमच ध्यानात आलं.

गाडीत बसल्यावर मामांनी काच खाली केली.

“ब्रिस्टलचा तो यशोधन कधीपासून मागे लागलाय, यंत्रं दे म्हणून. देऊन टाकतो. आवाजाच्या तक्रारी येतात, कौन्सिलचं पत्र येईल उद्या. या शुक्रवारी बंद कर सगळं. शनिवारी त्याची व्हॅन येईल.” इंजिन चालू करून ते क्षणभर थांबले. “तुझ्या आईला मी सांगू, का तू सांगतोस?”

“मी सांगते.”

या वेळी मामांनी त्याची चूक सुधारली नाही.

६

त्याने आईला सांगितलं नाही. बुधवारी ती दमलेली होती. गुरुवारी खुशीत होती. तिने वॉर्डमधल्या एका मैत्रिणीला फोनवर सांगितलेलं त्याने ऐकलं, “हो ना, टिकलाय या वेळी. लागलं बाई मार्गी माझं पोरगं.” शुक्रवारी संध्याकाळी सांगू, असं ठरवून तो कामाला गेला.

यंत्रं एकदम बंद करायची नव्हती. मामांनी रीत सांगितली होती. एकेक ओळ, वरून खाली. दार बंदच ठेवायचं, म्हणजे बाहेरची हवा आत शिरणार नाही आणि यंत्रं सावकाश गार होतील. कुशने एकेक ओळ बंद केली आणि प्रत्येक ओळीबरोबर घरघर एकेका मजल्याने खाली उतरत गेली. शेवटचा पंखा थांबला तेव्हा त्याने डिफेंडर काढले.

ही खोली त्याने कधी गप्प ऐकली नव्हती. लोखंड निवताना टिक टिक वाजत होतं. छतातून कुठेतरी पाण्याचा थेंब पडला. त्याचा स्वतःचा श्वास पांढरा होऊन समोर येत होता.

फोनवर सगळ्या ओळी काळ्या पडल्या होत्या. शेवटची सोडून. खोलीची हवा उतरत होती, बारा, दहा, आठ, आणि शेवटची ओळ सदतीसवर स्थिर होती. शेजाऱ्यांची ऊब आता तिला लागत नव्हती.

तो दाराकडे वळला आणि थांबला.

खोली निवता निवता दाराच्या आतल्या पत्र्यावर बाहेरच्या गारव्याने दव धरलं होतं. वरपासून खालपर्यंत बारीक, राखाडी दव. मध्यभागी एक जागा मात्र कोरडी होती. कोरडी आणि किंचित चकाकणारी. खांद्यापाशी रुंद, वर निमुळती, माणूस दाराला टेकून उभा राहिला तर जेवढा पत्रा झाकेल तेवढी. उंचीने कुशएवढी. आणि दार आतून उघडायचं जे हिरवं बटण असतं, त्याच्या भोवती बोटांच्या रुंदीच्या चार कोरड्या रेघा.

आपण सकाळी टेकलो असू, कुशने स्वतःला सांगितलं. पण सकाळी दार कोरडं होतं. दव आत्ताचं होतं.

ती जागा ओलांडूनच बाहेर जायचं होतं. त्याने बाहीत हात ओढून घेतला आणि बाहीनेच बटण दाबलं. बाही गरम झाली. तो बाहेर आला, नारिंगी जाकीट उतरवून खिळ्याला टांगलं. आतल्या अंधारात कोपरा दिसत नव्हता.

रोजचा शब्द जिभेवर आला आणि त्याने तो गिळला. इतके दिवस आपण इथे काय बोलत होतो ते त्याला त्या क्षणी पहिल्यांदा स्पष्ट दिसलं. रोज वचन देत होतो. आज ते द्यायचं नव्हतं. जो शब्द घरात कधी चालला नाही, तोच आज हवा होता. आणि मामांनी इतकी वर्षं शिकवलेलं, अगदी नीट, पुरुषासारखं म्हणायचं होतं.

“जातो,” कुश म्हणाला. “मी जातो.”

आत काही वेळ टिक टिक तेवढी ऐकू आली. त्याने दार ढकललं. फट बोटभर उरली असताना, त्या टिकटिकीच्या मधून, सौम्यपणे, अगदी त्याच्याच चुकीने, उत्तर आलं.

“बरं. येते मी.”

७

बसमध्ये त्याला ते कळलं. राहणारा ‘ये’ म्हणतो. ‘येते’ म्हणतो तो निघणारा.

मामांना परत द्यायचं जाकीट तिथेच राहिल्याचंही त्याला बसमध्येच आठवलं. परत जायचा प्रश्न नव्हता. घरी पोचला तेव्हा आई यायची होती. तिच्यासमोर बसून सगळं सांगायचं होतं, काम गेलं इथपासून. त्याने बूट हातात घेतले, वर आपल्या खोलीत गेला आणि दिवा न लावता पलंगावर बसला. पाच मिनिटं, मग जाऊ, असं करता करता खाली दार वाजलं, किल्ली वाजली, आईच्या पिशव्या ओट्यावर टेकल्या. ती काहीतरी गुणगुणत होती. तिने हाक मारली नाही. कुश कामावर आहे असंच तिला वाटत होतं. रोज या वेळी तो कामावरून निघत असे.

आता उठू, म्हणून त्याने फोन उघडला. वेळ बघायला.

यादी उघडीच होती. काळ्या ओळी, आणि खाली शेवटची. सदतीसवर नव्हती ती. छत्तीस पूर्णांक एक. बघता बघता छत्तीस. मग पस्तीस पूर्णांक आठ. बाहेर थंडी पडली होती, आणि कोणीतरी थंडीतून चालत होतं.

दारावर टकटक झाली.

“कोण आहे?” आईने विचारलं.

“आले मी.”

“किल्ली विसरलास ना परत?” आई हसत होती. “आले हो. थांब.”

कुश उठला. नको म्हणायचं होतं. समोरचा माणूस उत्तराची वाट बघत उभा राहिल्यावर घशात जे अडकायचं, तेच अडकलं. तो अंधारात दार चाचपत जिन्याच्या तोंडाशी आला तेव्हा खाली कडी निघाली होती आणि गार हवेचा झोत वरपर्यंत आला.

“ये, ये. लवकर आत ये,” आई म्हणाली. “अरे देवा, हात बघ किती गार पडलेत.”

जिन्यावरून दिवाणखान्याचा थोडाच भाग दिसत होता. आईच्या सपाता दिसल्या. एक नारिंगी बाही दिसली. आणि आईचे दोन हात, त्या बाहीतून आलेला एक हात मधे धरून चोळत असलेले, लहानपणी ती शाळेतून आल्यावर त्याचे चोळायची तसे.

“आई,” कुश म्हणाला. शब्द एकदाचा निघाला, पण इतका खरखरीत, की त्याला तो आपला वाटला नाही. “आई, मी इथे आहे.”

आईचे हात थांबले. ती दोन पावलं मागे येऊन जिन्याच्या पायथ्याशी दिसली. तिने वर बघितलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, निराशा नव्हती. परका माणूस घरात शिरल्यावर बाईच्या चेहऱ्यावर जे येतं, ते होतं.

“वर कोण आहे?” तिने विचारलं. वर बघूनच, पण त्याला नाही. बाजूला उभ्या असलेल्याला.

“कोणी नाही गं,” खालून आवाज आला. “दार लाव. गार येतंय.”

दार लागलं. कुशच्या हातातल्या फोनवर आकडा चढायला लागला होता. छत्तीस. छत्तीस पूर्णांक चार. खाली चहाचं आधण ठेवल्याचा आवाज झाला, खुर्ची ओढली गेली. आईने विचारलं, काम कसं झालं, आणि उत्तर देणाऱ्याने न अडखळता, भरभरून सांगायला सुरुवात केली.

कठड्यावर कुशचा हात होता. तो इतका थरथरत होता की कठडाही वाजत होता. तो आवाज तरी तिला ऐकू जाईल, ओळखू येईल, म्हणून तो ऐकत उभा राहिला.

मग थरथर थांबली.